निळ्या दोऱ्याच्या कुंड्या

५ फेब्रुवारी

तू ज्या विद्यापीठात शिकत होतीस, त्याच विद्यापीठात आज माझे नाव दाखल झाले. हे सर्वप्रथम तुला कळवणे मला उचित वाटते. म्हणून ही दैनंदिनी तुलाच उद्देशून लिहीत आहे. अभ्यासक्रम वनस्पतिशास्त्राचा, एक वर्षाचा, पदविकेचा. वर्गात माझ्याहून वयस्क अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे फळ्याच्या वरचे घड्याळ. तू असतीस तर म्हणाली असतीस, माझ्या ज्या नवऱ्याला अजून गाजराचा पाला आणि कोथिंबीर यांतला फरक कळत नाही, त्याला प्रवेश दिला कोणी?

मला वनस्पतींविषयी जिज्ञासा नाही. कारण वेगळे आहे, ते येथे स्पष्टपणे नमूद करतो.

सप्टेंबरातील त्या रविवारी तू काचघरात एकटी कोसळलीस. वेळेवर कोणी सोबत असते तर बाई वाचल्या असत्या, असे डॉक्टरांनी मला सांगितले. पुढे काचघराच्या अधीक्षकांनी तुझी पिशवी आणि चपला माझ्या हवाली केल्या, तेव्हा ते बोलून गेले, "खरं म्हणजे त्या दिवशी त्यांची पाळीच नव्हती हो. दुसऱ्या कुणाच्या जागी आल्या होत्या." ते दुसरे कोण, असे मी विचारले. त्यांनी जीभ चावली आणि विषय बदलला.

तू कोणालाही नाही म्हणू शकत नव्हतीस. त्या स्वभावाचा कोणीतरी लाभ घेतला. स्वतः मौजमजा करायला गेला किंवा गेली, आणि तुला त्या काचेच्या भट्टीत उभे केले. ती व्यक्ती शोधण्यासाठी मी विद्यार्थी झालो आहे. शोधल्यानंतर तिचे जे सर्वांत मोलाचे असेल, ते नष्ट करणार आहे. याबाबत माझ्या मनात किंतु नाही.

११ फेब्रुवारी

दिनक्रम ठरला. सकाळी कार्यालय, दुपारी व्याख्याने, संध्याकाळी काचघर. कायद्याच्या पुस्तकांचे मसुदे तपासण्याचे माझे काम अर्ध्या दिवसावर आणण्यास व्यवस्थापकांनी संमती दिली, अर्थात टोमणा मारूनच: "साहेब, परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत चुका काढत बसू नका म्हणजे झालं!"

काचघरात विद्यार्थ्यांना पगारी काम मिळते. तुझी जागा रिकामी होती. ती मी मागितली. अधीक्षकांना संकोच वाटला. "काकांना झेपेल का?" असे ते माझ्यासमोरच दुसऱ्याला विचारत होते. शेवटी त्यांनी करड्या लोकरीच्या दोऱ्याचे एक गुंडाळे माझ्या हाती ठेवले आणि म्हणाले, "आतली खोली. करड्या दोऱ्याच्या कुंड्या आता तुमच्याकडे. बाकी तिथली पोरगी सांगेल."

आतल्या छोट्या खोलीत दोनच मांडण्या आहेत. दोहोंवर टोमॅटोची रोपे, मीठ मिसळलेल्या पाण्यावर वाढवलेली. एका मांडणीवरील प्रत्येक कुंडीला करडा दोरा, दुसरीवरील प्रत्येकीला निळा. दाराशी एक मुलगी धापा टाकत आली. अंगावर दोन मापे मोठा सदरा, केस विस्कटलेले. तिच्यामागून एका उंच मुलाने आरोळी दिली, "वादळ आलं!" तिला सर्वजण याच नावाने हाक मारतात. मुलाला लंबू म्हणतात. या विद्यापीठात पाळण्यातले नाव शिल्लक राहिलेले कोणी दिसत नाही.

"काका, दोऱ्यांचं सांगते हं. ते जरा उलटं असतं—"

"आवश्यकता नाही," मी म्हणालो. रंग ओळखण्यासाठी मला शिकवणीची गरज नव्हती.

ती आणि लंबू यांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही ओठ आवळून हसू दाबले. हा उद्धटपणा मी लक्षात ठेवला आहे.

करडा दोरा तुझा होता. म्हणजे ही रोपे तुझी. मी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पाणी घातले.

१९ फेब्रुवारी

तुझी रोपे उत्तम आहेत. मी पाने ओल्या कापडाने पुसतो, मीठपाणी पेल्याने मोजून घालतो, प्रत्येक कुंडी उन्हाकडे थोडी फिरवून ठेवतो. काल खोलीत कोणी नसताना एका रोपाला "जेवण झाले का?" असे विचारले. हे तू कोणाला सांगू नकोस.

तुझ्या मार्गदर्शक बाईंचे व्याख्यान प्रयोगातील निःपक्षपातीपणावर झाले. तू त्यांचे नाव आदराने घेत असायचीस. त्यांचा आवाज पातळ असला तरी विचार स्वच्छ आहेत. ज्याला निकालात रस आहे, त्याचा हात संगोपनात असू नये. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आपल्या रोपाला घोटभर पाणी जास्त घालतो, असे त्या म्हणाल्या. तत्त्व निर्दोष आहे. मी ते शब्दशः उतरवून घेतले. त्यानंतर मला डुलकी लागली आणि वर्ग हसला.

आश्चर्य याचे वाटते, की नोकरी, व्याख्याने आणि काचघर इतके सारे करूनही तू घरी रात्रीचे जेवण कधी उशिरा ठेवले नाहीस. मी आल्यावर पाव दुधात बुडवून खातो आणि कपड्यांसह झोपतो. तू असामान्य होतीस.

२ मार्च

सापडली.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर लंबूने मला चहा पाजला. मी तुझ्याविषयी आठवणी काढल्या, म्हणजे तसा बहाणा केला, आणि तो भोळा मुलगा आपण होऊन बोलत सुटला.

"त्या रविवारी आम्ही सगळे तलावावर गेलो होतो, काका. वादळ पाण्यातच होती, तेव्हा फोन आला. ती तशीच ओल्या कपड्यांनी धावत सुटली. पायांत काही नव्हतं तिच्या."

"ती का धावली?"

"म्हणजे..." त्याने कपात पाहिले. "पाळी तिची होती ना."

चहा मी संपवला. पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. आभार मानून निघालो. रस्ता ओलांडताना मला जे वाटत होते त्याला दुःख म्हणता येणार नाही. सहा महिन्यांनी प्रथमच मला भूक लागली होती.

तलावात पोहत होती. तू जमिनीवर पडली होतीस आणि ती पोहत होती.

९ मार्च

तिचे निरीक्षण करतो आहे. ती पहाटे एका पावभट्टीच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहते, तेथून येऊन निळ्या कुंड्यांची पाने पट्टीने मोजते, मग व्याख्याने, मग पुन्हा निळ्या कुंड्या. वर्गात ती झोपते. आज बाईंनी प्रश्न विचारला, तर दचकून म्हणाली, "दोन मोठे पाव की एक?" सारे हसले. मी हसलो नाही. मला हसण्यापेक्षा अधिक समाधान मिळाले.

१७ मार्च

आज एक प्रसंग घडला. मी आत शिरलो, तर ती करड्या मांडणीपाशी उभी. एक कुंडी उचलून पानाची मागची बाजू न्याहाळत होती. तुझ्या कुंडीला तिचा हात!

"त्या कुंड्यांना स्पर्श करण्याचा अधिकार तुला कोणी दिला?"

ती लाल झाली. कुंडी जागेवर ठेवली. "चुकलं, काका. हात लावायला नको होता, माहितीये मला. फक्त बघत होते कशी आहेत."

"ती माझ्याकडे सुखरूप आहेत."

"हो," ती म्हणाली, "दिसतंय. फार छान ठेवलीत तुम्ही. थँक्यू, काका."

आभार! कशाबद्दल? ज्या बाईला संपवले तिची रोपे कोणीतरी सांभाळतो आहे, म्हणून हिची टोचणी कमी होत असावी. ती कमी होणार नाही, याची व्यवस्था मी करीन.

२९ मार्च

रविवार. तुझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"भावजी, जेवलात का? आणि हे शाळेत जायचं काय काढलंत या वयात? डबा कोण देतं?"

मी उद्देश सांगितला नाही. तुझ्या स्मृतीसाठी, एवढेच म्हणालो.

"ताईला तिथे फार बरं वाटायचं हो. रविवारी तर ती सकाळपासून घड्याळाकडे बघत बसायची. मी म्हणायचे, अगं, सुट्टीच्या दिवशी तरी घरी थांब. तर म्हणायची, तू येऊन थांब माझ्या जागी."

कर्तव्यनिष्ठा म्हणतात ती हीच. लोक आपल्या पाळ्या तुझ्या गळ्यात मारत, आणि तू उशीर होऊ नये म्हणून घड्याळाकडे पाहत बसत होतीस. रविवारी आपण वर्तमानपत्रातील अग्रलेख एकत्र वाचत असू, म्हणजे मी वाचत असे. तेवढा वेळही त्यांनी आपल्याकडून हिरावून घेतला.

मेहुणी पुढे म्हणाली, "भावजी, तुम्ही तिथल्या मुलांशी बोला जरा. ताईबद्दल विचारा त्यांना." मी, तेच करतो आहे, असे उत्तर दिले. ते असत्य नव्हते.

१२ एप्रिल

तिची पावभट्टीतील नोकरी गेली. सकाळी पाने मोजण्यासाठी काचघरात रेंगाळून दुकानात रोज उशिरा पोहोचत होती. मालकाने तिला काढले. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कार्यालयाचे जिने पुसते. मैत्रिणी बोलावेनाशा झाल्या आहेत. फाटकाशी तिला पाहून त्यांच्यापैकी एक म्हणाली, "ही बघ आली कुंड्यांची आई. तू काय येणार आमच्यासोबत! टोमॅटो रडतील ना." ती हसली आणि आत गेली.

माझीही स्थिती स्पृहणीय नाही. चाचणीत मी अनुत्तीर्ण झालो. कार्यालयात एका मसुद्यातील संपूर्ण परिच्छेद दोनदा छापला गेला. मी चौतीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, दोन दगडांवर पाय ठेवलेत." दोन नव्हे, तीन, असे मी मनात म्हणालो. तिसऱ्या दगडाची त्यांना कल्पना नाही.

बाई आज काचघरात आल्या होत्या. निळ्या मांडणीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "तिसरी पिढी," त्या वादळला म्हणाल्या, "एवढ्या मिठावर फुलं धरली हिनं. बी सगळं पेरलंय ना? राखीव काही नाही?"

"नाही बाई. उगवतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून सगळंच पेरलं."

"मग जपा. जीव की प्राण समजून जपा."

बाईंनी माझ्याकडे पाहून काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले. मुलीने हलकेच मान हलवून त्यांना थांबवले. मला तिच्या यशाची वार्ता देण्याची तिला लाज वाटली असावी. तेवढी तरी आहे.

आता मला माहीत आहे, तिचे मोलाचे काय आहे. तीन पिढ्यांचे कष्ट, आणि बी शिल्लक नाही.

८ मे

हे जसेच्या तसे लिहितो, कारण उद्या माझाच यावर विश्वास बसणार नाही.

पाणी घालून झाल्यावर ती माझ्यापाशी आली. सदऱ्याचे टोक बोटाला गुंडाळत होती. "काका, एक विचारू? रागावू नका. परवाची, रविवारची माझी पाळी घ्याल?"

"कारण?"

"मैत्रिणींनी बोलावलंय. सप्टेंबरपासून कुठेच गेले नाहीये मी. रविवारी इथून हलावंसंच वाटत नाही मला. पण परवा म्हटलं, जाऊन बघावं. तुम्ही इथे असाल तर मला काळजी वाटणार नाही. दुसऱ्या कुणाला नाही विचारणार मी."

मला! तुझ्या नवऱ्याला! तोच दिवस, तीच पाळी, तेच कारण. काही माणसांना लाज नसते, हे मी ऐकून होतो. ती इतकी गोड बोलतात, हे मला ठाऊक नव्हते.

"अवश्य," मी म्हणालो. "तू निश्चिंतपणे जा."

तिने वाकून माझा हात दोन्ही हातांत धरला. तिची बोटे साबणाने सोलवटलेली होती.

१० मे

रविवार. आकाश निरभ्र, वारा नाही.

मी वेळेपूर्वी पोहोचलो. बाहेरच्या मोठ्या दालनातील कुंड्या इतरांच्या आहेत. त्यांना नियमानुसार पाणी घातले. निरपराधांना त्रास देणे माझ्या स्वभावात नाही.

नंतर आतल्या खोलीतील करड्या दोऱ्याच्या सर्व कुंड्या एकेक करून बाहेर झाडाच्या सावलीत नेल्या. पाने पुसण्यासाठी नेल्या, असे कोणी विचारल्यास सांगायचे ठरवले होते. कोणी विचारले नाही. मग छतावरची सावलीची जाळी ओढून बाजूला केली. छताच्या झडपेची साखळी खुंटीवरून सोडली. झडप आपटून बंद झाली. आतले दार लावले.

मी सावलीत तुझ्या कुंड्यांजवळ बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास केला. प्रकरण योगायोगाने पानांच्या कोमेजण्याचे होते. ते मी एकाग्रतेने वाचले. इतके नीट आजवर काही समजले नव्हते. मधूनमधून काचेपाशी जाऊन पाहत होतो. प्रथम पाने खाली वळली, नंतर त्यांच्या कडा आत गुंडाळल्या, नंतर देठ लवले. काचेला आतून बाष्प धरले आणि नंतर आतले काही दिसेनासे झाले. मी परत येऊन बसलो. लांबून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. ती कुठेतरी अशीच हसत असेल, या विचाराने मला शांत वाटले.

संध्याकाळी दार उघडले. उकडलेल्या भाजीचा वास आला. साखळी तशीच लोंबती ठेवली, जणू खुंटीवरून आपोआप निसटली असावी. जाळी पूर्ववत केली.

तुझे ऋण फेडले आहे. घरी येऊन पोटभर जेवलो.

११ मे

मला हे लिहिता येईल असे वाटत नाही. परंतु क्रम मोडू नये.

मी पोहोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. अधीक्षक डोक्याला हात लावून उभे होते. "साखळी कुणी अडकवली होती?" ते ओरडत होते. "शनिवारी शेवटी कोण होतं इथे?"

"मी होते," ती म्हणाली. "घाईत अडकवली असेन मी. नीट बसली नसेल. काकांना नका काही बोलू, त्यांना या झडपेची सवय नाही."

अधीक्षक बाईंना कळवण्यासाठी गेले. मी दारात उभा राहिलो. हा क्षण मी अनेकदा मनात रंगवला होता. त्यात ती रडत असे आणि मी काही न बोलता निघून जात असे.

ती रडत नव्हती. तिने मान वर केली. "काका, तुम्हाला तोंड कसं दाखवू? तुम्हाला आत्ता सांगणारच नव्हते, फळं उतरली की मग सांगायचं ठरवलं होतं. बाई सांगत होत्या तुम्हाला मागे, मीच थांबवलं त्यांना. उगाच आशा लावायला नको म्हणून. काकूंची रोपं होती ही."

मी म्हणालो, "तुझा काही गोंधळ होतो आहे. ही निळी आहेत. निळा दोरा तुझा."

"दोरा माझाच. रोपं काकूंची."

"याचा अर्थ?"

"दोरा पाणी घालणाऱ्याचा असतो, काका. आपल्या रोपांना आपण पाणी घालायचं नसतं, बाईंचा नियमच आहे. काकूंच्या रोपांना मी घालायचे, माझ्या रोपांना काकू. म्हणून तर त्यांचा करडा दोरा माझ्या कुंड्यांना." तिने बाहेर झाडाखाली पाहिले. "आता तुम्ही घालता ना. बरं झालं, तुम्ही बाहेर नेल्या होत्यात." आणि मग ती रडू लागली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. "माझ्या वाचल्या बघा. माझ्याच वाचल्या. पुन्हा माझंच वाचलं, काका."

निळ्या कुंड्या मी मोजल्या नाहीत. सर्वांतील रोपे कुंड्यांच्या काठांवर आडवी पडली होती.

१५ मे

चार दिवस कार्यालयात गेलो नाही. व्याख्यानांनाही गेलो नाही. आज गेलो, कारण मुलीला काचघरातून कमी करण्याचा निर्णय होणार होता.

बाईंच्या खोलीत बाई, अधीक्षक आणि ती. मी परवानगी घेऊन आत गेलो आणि उभ्यानेच सांगितले: साखळी मी सोडली. जाळी मी काढली. करड्या कुंड्या आधी बाहेर नेल्या. अपघात नव्हता. हिच्या हातून काहीही घडलेले नाही. माझे नाव विद्यापीठातून कमी करावे.

अधीक्षक खाली बसले. बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "पुढच्या महिन्यात त्यांचं काम पूर्ण झालं असतं," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे मिळून त्यांचा प्रबंध सादर करणार होतो. मरणोत्तर पदवी द्यायला विद्यापीठ तयार होतं. तुम्हाला मंचावर बोलावणार होतो."

मुलगी माझ्यामागून बाहेर आली. मला वाटले, ती क्षमा करील किंवा मारील. दोहोंसाठी मी तयार होतो.

"का?" ती म्हणाली.

"त्या रविवारी पाळी तुझी होती. तू ती तिच्यावर लादलीस आणि पोहायला गेलीस."

"लादली?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की जिन्यातले लोक थांबले. "मी लादली? काकू मागून घ्यायच्या! दर आठवड्याला. माझा रविवार, लंबूचा रविवार, ज्याचा असेल त्याचा. माझ्यामागे लागायच्या, ‘जा गं वादळे, भटकून ये, मला दे तुझा रविवार.’ हे नाव पण त्यांनीच ठेवलं माझं."

"रविवारीच का?"

"ते तुम्ही मला विचारता?"

मी एक पायरी उतरलो, तीही उतरली.

"काचघरात त्या पालथ्या बादलीवर बसायच्या, चपला काढून, पाण्याच्या गार नळीवर पाय ठेवून. पाव खायच्या नुसता, आणि तुमची नक्कल करायच्या. ‘आवश्यकता नाही!’ असं म्हणायच्या, मान ताठ करून. आमची हसून हसून पोटं दुखायची. तुम्ही पहिल्या दिवशी तेच म्हणालात, तेव्हा मला वाटलं, काकूच उभ्या आहेत समोर." तिने विस्कटलेले केस मागे सारले. "मी आठ महिने हे तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मी मूर्ख आहे."

"मला क्षमा—"

"नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या कुंड्यांना आता हात लावू नका. लंबू घालेल पाणी."

१६ मे

रात्रभर तुझ्यावर रागावलो आहे. हे लिहिणे अशोभनीय आहे, तरीही लिहितो. तुला रविवार मोकळा हवा होता, हे तू मला एकदा सांगितले असतेस, तर मी वेळापत्रकात तशी तरतूद केली असती. अग्रलेख शनिवारी वाचता आला असता. तू एका अनोळखी मुलीला सांगितलेस, आणि मला सांगितले नाहीस. माझी नक्कल करून दाखवलीस, आणि मला दाखवली नाहीस. आठ महिने मी ज्याचा माग काढला, त्याचे नाव, म्हणजे माझेच, तुला माहीत होते, आणि तू पावाचे तुकडे मोडत हसत होतीस.

मीही हसलो असतो. निदान प्रयत्न केला असता. तसे मी आज आरशासमोर ते दोन शब्द उच्चारून पाहिले. मान खरोखरच ताठ होते.

१८ मे

निळी मांडणी रिकामी करण्याची अनुमती अधीक्षकांनी मला दिली. "आजचा दिवस. नंतर येऊ नका," एवढेच ते बोलले.

रोपे एकेक करून मुळांसह उपटली. मुळे पांढरी आणि दाट होती. ती अखेरपर्यंत पाणी शोधत असावीत. माती चाळून एका बाजूला केली, कुंड्या घासल्या, उन्हात पालथ्या घातल्या. निळे दोरे सोडवून खुंटीवर अडकवले. ते तिचे आहेत. काही खोडांवर अर्धवट धरलेली, वाटाण्याएवढी हिरवी फळे होती. ती मी दाबून पाहिली. आत बी तयार झाले नव्हते.

दुपारी मुलगी आणि लंबू आले. त्यांनी करड्या कुंड्यांना पाणी घातले, माझ्याशी बोलले नाहीत. जाताना तिने माझ्याकडे न पाहता पाण्याचा नळ बंद केला, जो मी चालू ठेवून विसरलो होतो.

ते गेल्यावर मी त्या पालथ्या बादलीवर बसून पाहिले. ती माझ्यासाठी फार ठेंगणी आहे. बसल्यावर समोर फक्त मांडणीच्या खालचा भाग आणि काचेपलीकडचे झाड दिसते. तू तेथून काय पाहत होतीस, ते मला कळले नाही. तरी बराच वेळ बसलो.

संध्याकाळी झडप तपासली, जाळी ओढली, फरशी धुतली. आतले दार लावले. बाहेरच्या दाराला कुलूप घातले, ओढून खात्री केली. किल्ल्या अधीक्षकांना परत केल्या.